शेपूटघाल्या

अंधाराचं उद्घाटन करायचं झालं तरी दिवा लावावाच लागतो, याबद्दल पालकमंत्र्यांच्या पीएच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

माणिकटोला खदान क्रमांक दोनमधला कोळसा संपून बारा वर्षं झाली होती. कोळशामागोमाग माणसंही जायला निघाली, तेवढ्यात कंपनी आली. कंपनीला कोळसा नको होता. कोळसा काढून झाल्यावर मागे जे उरतं, म्हणजे अंधार, तो हवा होता. इतका दर्जेदार, बाराही महिने एकाच तापमानाचा अंधार चंद्रपूर जिल्ह्याइतका स्वस्त कुठेच मिळत नाही, असं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलं होतं. ते वाचून गावाला अभिमानही वाटला होता.

त्या अंधारात, मोठमोठ्या टाक्यांमध्ये, सिरक्याच्या पाण्यावर एक शेवाळ वाढायचं. अंधारात वाढल्यामुळे ते पिवळं असायचं. मग ते पंपानं वर आणून काचेच्या नळ्यांमधून उन्हात फिरवायचे. सहा तासांत ते हिरवं व्हायचं आणि त्याच्या पोटात 'अभय' नावाचं प्रथिन तयार व्हायचं. या प्रथिनाची गोळी घेतली की माणसाच्या मेंदूतली भीतीची घंटा चार तास वाजत नसे. अग्निशमन दलवाले ती घेत, ऑपरेशनचे पेशंट घेत. निवडणुकीच्या दिवसांत आणखी कोण कोण घेत, ते माहितीपत्रकात नव्हतं.

शालिक घोटेकर या खाणीच्या तोंडाशी, बत्तीघरात बसायचा. खाली जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि शालिककडून बत्ती घ्यायची. वर आल्यावर बत्ती द्यायची, बिल्ला न्यायचा. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस खाली आहे. पूर्वी बत्त्या पांढऱ्या होत्या, आता हिरव्या, कारण हिरवा उजेड त्या शेवाळाच्या खिजगणतीत नसतो. सव्वीस वर्षं हेच काम केल्यानं शालिक माणसांना नंबरानं हाक मारायचा. माणसं त्याला 'शेपूटघाल्या' म्हणायची.

तेही उगाच नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी, इथे कोळसा निघत होता तेव्हा, शालिक आणि त्याचा बाप एकाच पाळीत खाली होते. छप्पर पडलं. बाप दबला, शालिक पळत वर आला, आणि पुन्हा कधी खाली उतरला नाही. त्याला बत्तीघरात बसवलं. धाकटा भाऊ डोमा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो बापाच्या जागी खाली लागला आणि आता खालच्या पाळीचा म्होरक्या होता. दोघं भाऊ एकाच घरात राहत, एकाच ताटलीतल्या ठेच्याला बोट लावत. त्या दिवसाबद्दल मात्र एक शब्द बोलत नसत.

नव्या टाकीच्या आधी कंपनीच्या डॉ. नीरजा येमुलवार यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना विज्ञान समजावलं होतं. बाई राजुऱ्याच्या, त्यामुळे समजेल असं बोलायच्या.

"शेवाळाच्या पेशीत हरितलवक असतं. त्याची स्वतःची वेगळी कारागिरी असते. काय बनवायचं याच्या चिठ्ठ्या तिथे आधीच खिळ्याला अडकवून ठेवलेल्या असतात, तुमच्या बिल्ल्यांसारख्या. त्या वाचून प्रथिन विणणारी यंत्रंही हजर असतात. पण चिठ्ठीला कडी असते. उजेड पडला की कडी निघते. म्हणजे कसं? बत्ती मिळाल्याशिवाय कामाला लागायचं नाही."

"हव, शालिकभाऊसारखा कोनी बसला असन तिथं," डोमा म्हणाला.

"आणि दुसरी एक कडी असते. ही प्रथिनं जोडीनं बसतात. एखादं तयार झालं आणि त्याचा जोडीदार आला नाही, तर त्याचं शेपूट बाहेर लोंबत राहतं. ते शेपूट स्वतःच्याच चिठ्ठीवर जाऊन बसतं. म्हणतं, थांबा, पुरे आता. जोडीदार मिळाला की शेपूट आत, आणि काम पुन्हा सुरू."

"म्हंजे शेपूट घातलं का काम चालू?" बंडू येरगुडे म्हणाला, आणि तीसच्या तीस माना शालिककडे वळल्या. हसण्यानं पत्रे वाजले.

"हसा," बाई म्हणाल्या. "ते शेपूट म्हणजे ब्रेक आहे. अभयची चिठ्ठी आम्ही त्याच ब्रेकखाली ठेवली होती. नव्या तीन नंबरच्या टाकीत आम्ही शेपूटच कापलंय. दहापट माल निघेल."

मागून लटारू वाढईनं विचारलं, "मंग थांबते कधी, बाई?"

लटारूकाका पाळीत सगळ्यात म्हातारा. पंपावर असायचा.

"स्वतःहून थांबत नाही, काका. आपण थांबवायचं."

लटारूनं मान हलवली. ज्या माणसाला स्वतःहून थांबता येत नाही त्याच्याबद्दल हलवतात तशी.

उद्घाटनाला बाईंनी परोपरीनं विनवलं: नारळ फोडा, फीत कापा, पण दिवा नको. पीए म्हणाला, "मॅडम, दीपप्रज्वलन नाही तर उद्घाटन कसलं? साहेबांचा अपमान होईल." तडजोड म्हणून बाईंनी हिरव्या बल्बची विजेची समई आणवली. ती पाहून मंत्री म्हणाले, "ही समई आहे का सिग्नल?" मग पितळी समई आली, तूप आलं, पाच वाती आल्या. कॅमेऱ्यात समई नीट दिसेना, म्हणून मंडपवाल्यानं दोन दणदणीत हॅलोजन लावले. सकाळी नऊ वाजता, तीनशे मीटर उताराखालच्या अंधारात, मंत्र्यांनी तीन नंबरच्या टाकीसमोर वात पेटवली आणि इथून महाराष्ट्राला उजेड मिळेल असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. प्रकल्प समजून घ्यायचा म्हणून बाईंना मंत्र्यांच्या गाडीत घालून नेलं. समई विझवली. टाकीभोवतीचा जाड काळा पडदा ओढून घेतला. आतले हॅलोजन मंडपवाला 'उद्या काढतो' म्हणाला होता, आणि मंडपवाल्याच्या उद्यावर या देशात कोणी शंका घेत नाही.

पडद्याआड टाकीवर दोन हॅलोजन सहा तास जळत राहिले.

खाली एक रीत होती. पिवळं शेवाळ बाधत नाही, उलट पौष्टिक, चवीला आंबट ताकासारखं. दुपारी तीनला प्रत्येक जण टाकीच्या नळाखाली एक गिलास धरायचा आणि मीठ टाकून प्यायचा. याला 'तीनचा गिलास' म्हणत. त्या दिवशी नळ तीन नंबरचा होता. नव्या टाकीचा पहिला गिलास म्हणून मॅनेजर कुलथ्यांनीही हौसेनं घेतला.

आणि हिरव्या बत्तीत पिवळं काय, हिरवं काय, सारखंच दिसतं.

चारला दहा कमी असताना नऊ नंबरचा बंडू येरगुडे वर आला. शालिकनं बत्तीसाठी हात पुढे केला आणि तसाच थांबला. बाहेरच्या उन्हात बंडूची मिशी हिरवीगार दिसत होती. डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून चिरडून लोंबत होती आणि रक्ताची धार कोपरावरून गळत होती. बंडू हसत होता.

"पंपाच्या पट्ट्यात गेली ना बे," तो हात पुढे धरून दाखवत म्हणाला. "पाय, पाय, हे तं निघालंच."

"अरे, दुखून नाही रायलं का?"

"दुखते ना बाप्पा. पन भेव नाही वाटून रायलं. अजिबात नाही." त्यानं खिळ्यावरून बिल्ला काढला, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. "चाललो. साळ्याले मारतो. धा वर्षांपासून मारायचं होतं, हिंमत होत नव्हती."

"बंडू!"

बंडूची मोटरसायकल फाटकातून गेली. साळा वाचला, पण त्याचा उजवा हात नाही वाचला. ते संध्याकाळी कळलं.

शालिकनं खालचा फोन फिरवला. बराच वेळ कोणी उचलेना. मग डोमाचा आवाज आला, आणि त्याच्या मागे आरडाओरडा, धपाधपा आवाज.

"कोन? शेपूटघाल्या का?"

"डोमा, तीनचा गिलास कोनी कोनी घेतला?"

"सगळ्यायनं. फसकलास होता. कुलथे सायबानंबी घेतला. भाऊ, तो सायेब खरं बोलून रायला! दिवाळीनंतर सगळ्यायले काढनार म्हनते, तोंडावर सांगते. असा मर्द मॅनेजर पायला नाही. पोरं टेकू काढून त्याले मारून रायले."

"कुठचे टेकू?"

"छपराचे बे. दुसरे कुठचे?"

शालिक फोन कानाशी दाबून छपराचा आवाज ऐकू लागला. "डोमा, छप्पर बोलून रायलं का?"

"बोलू दे. मीबी बोलून रायलो," डोमा म्हणाला आणि फोन लोंबकळत सोडून दिला. फोनमधून कुणाचं तरी हाड मोडल्याचा आवाज आला आणि त्यामागून टाळ्या.

बचाव पथकाची गाडी मंत्र्यांच्या ताफ्यात शोभेला गेली होती. ती यायला दीड तास लागणार होता. शालिकनं खिळ्यांकडे पाहिलं. तीस बिल्ले. त्यानं बत्ती घेतली. स्वतःचा बिल्ला त्याला नव्हता, म्हणून एका रिकाम्या खिळ्याला त्यानं घराची किल्ली अडकवली, कारण खिळ्यावर काही नसेल तर माणूस खाली नसतोच.

मग तो सव्वीस वर्षांनी उतार उतरला. बत्तीचा हिरवा गोल भिंतींवर नाचत होता. तो एकदा खाली बसला, ओकला आणि पुढे गेला. भीतीला त्याच्याइतकं जुनं गिऱ्हाईक त्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं.

खाली लोक एकमेकांना मारत होते. कोणाचा कोणावर राग होता तो सगळा बाहेर निघाला होता, आणि एवढे दिवस त्यावर झाकण ठेवणारी भीती नव्हती. चार नंबरच्या दादाजी निखाडेनं अकरा नंबरच्या पैलवानाचा कान दातात धरला होता. पैलवान त्याच्या डोक्यावर हेल्मेट आपटत होता. दोघांपैकी कुणालाही सोडायची घाई नव्हती. मॅनेजर कुलथे भिंतीला टेकून उभे होते, डावा हात कोपरापासून उलटा वळलेला, पुढचे दात गेलेले, आणि तशा तोंडानं ते सांगत होते, "तुमचा पीएफ पण आम्ही भरलेला नाही! दोन वर्षं! भरणारही नाही!" दर वाक्याला त्यांना एक टोला बसत होता. ते पुढचं वाक्य बोलत होते. बत्त्यांच्या हिरव्या उजेडात रक्त काळं दिसत होतं.

पंपाजवळ लटारूकाका नळाशी बसला होता. कोणीतरी नळ उघडा टाकला होता आणि हिरवं पाणी वाहत होतं.

"ये शालिक," तो म्हणाला. बाजारात भेटल्यासारखं. "लय दिवसांनी आला."

तेवढ्यात वरून आवाज आला. बारीक, पापड मोडल्यासारखा. खाणीत म्हणतात छप्पर बोललं. आधी पापड, मग लाकूड, मग काहीच ऐकू येत नाही. शालिकनं वर पाहिलं. टेकूंच्या रांगेत तोंडातले दात पडावेत तशा फटी पडल्या होत्या.

"पळा!" तो ओरडला. "छप्पर येऊन रायलं! पळा!"

दोन-चार जणांनी वर बघितलं.

"खरंच येऊन रायलं," कोणीतरी म्हणालं. स्टँडवर उभ्या माणसानं लांबून येणाऱ्या बसबद्दल म्हणावं तसं. आणि ते परत मारामारीला लागले.

तेव्हा शालिकला समजलं. ओरडून माणूस पळतो तो भीतीमुळे. इथे ती दोरी कापलेली होती. ओढायला टोकच नव्हतं.

"बरं झालं आला," डोमा समोर आला. त्याच्या हातात टेकू होता, टेकूच्या टोकाला केस चिकटले होते. चेहरा शांत होता. "एक विचारायचं होतं. सव्वीस वर्षं भेव वाटे विचारायले. आज नाही वाटून रायलं."

"डोमा, वर चाल. वर विचार."

"छप्पर बोललं तवा तू बाले आवाज देल्ता का?"

वर पुन्हा पापड मोडला. शालिकनं भावाकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यानं सव्वीस वर्षं तयार ठेवलं होतं. दिला होता रे, बाला ऐकू नाही आलं. हजारदा घोकलेलं, तोंडपाठ वाक्य. डोक्यात मात्र आता एकच गोष्ट लख्ख होती: यांच्यात भीती नाही, पण राग आहे.

"नाही देला," तो म्हणाला.

डोमानं टेकूवरची पकड बदलली.

"म्या पयले आयकलं. बाच्या आधी. आवाज देला असता तं बा माह्या पुढं पळाला असता, वाट अरुंद होती. म्हनून नाही देला. तो खाली दबून माह्या नावानं वरडून रायला होता. तेबी आयकलं."

टेकू उचलला गेला. शालिक मागे सरकला, आणि बत्तीघराच्या खिडकीतून सकाळच्या पाळीला द्यायचा तोच आवाज त्यानं लावला.

"नंबर चार! दादाजी निखाडे! मिरवणुकीत ज्यानं तुह्या पोराचं डोकं फोडलं, त्याच्या घरी तू दुसऱ्या दिवशी जिलबी खाऊन आला!"

दादाजीनं तोंडातला कान सोडला.

"नंबर अकरा! पैलवानकीचं मेडल तू वणीच्या बाजारातून इकत आनलं! नंबर बावीस! बायको तुले सोडून नाही गेली बे, तूच तिले बसस्टँडवर इसरून आला अन् लाजेपायी परत गेला नाही! नंबर सव्वीस! संपात मागच्या दारानं हाजरी लावली, बत्ती म्याच देल्ली तुले!"

बत्तीघराच्या खिडकीतून सव्वीस वर्षं माणूस फक्त बत्त्या देत नसतो. शालिक एकेक नंबर घेत, पाठमोरा उतारावर चढत गेला, आणि एकेक डोकं त्याच्याकडे वळत गेलं. दहा, पंधरा, वीस. "नंबर एक! कुलथे सायेब! पुण्याच्या हापिसात तुमाले बिनकामाचं बुजगावनं म्हनतात, फोन मीच जोडून देतो!"

"तुझी नोकरी गेली!" कुलथे तुटक्या दातांतून किंचाळले आणि उलटा हात हलवत धावले.

"नंबर सोळा..." सोळा झाला.

सतरा. शालिकची जीभ अडली.

सतरा नंबर लटारू वाढई. बाप गेला त्या दिवशी घोटेकरांच्या घरी चूल लटारूनं पेटवली होती. 'शेपूटघाल्या' हा शब्द त्याच्या तोंडून कधी आला नव्हता. सव्वीस वर्षांत त्याच्याबद्दल ऐकावं, लपवावं असं काही त्या खिडकीतून आत आलंच नव्हतं. लटारू नळाजवळून त्याच्याकडे पाहत होता. राग नव्हता आणि भीतीही नव्हती.

"काका, चाल ना!"

"तू हो समोर," लटारू म्हणाला. "नळ बंद करतो. वाया जाऊन रायलं."

लाकूड मोडल्याचा आवाज झाला. शालिक वळला आणि पळाला. मागून एकोणतीस माणसं त्याला ठार मारायला पळाली.

पन्नाशी उलटलेला माणूस तीनशे मीटर चढ असा पळतो यावर कोणी विश्वास ठेवला नसता, पण शालिकला पळण्याचा सराव होता. त्या अख्ख्या खाणीत तो एकच माणूस घाबरलेला होता, आणि बाकीचे त्याच्या शेपटाला धरून वर येत होते. फेकलेली लोखंडी सब्बल त्याच्या कानाजवळून गेली. समोर उजेडाचा पांढरा चौकोन मोठा होत गेला.

उन्हात येताच डोमानं त्याला गाठलं. पहिला टोला गुडघ्यावर बसला आणि गुडघा मागच्या बाजूला मोडला. मग सगळे आले. बुटांनी, बत्त्यांनी, टेकूंनी मारलं. कोणी छातीवर उडी मारली तेव्हा आत काहीतरी तुटलं, आणि तोंडात आलेलं रक्त गिळत शालिक मोजत होता: सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.

तेवढ्यात जमीन हलली. खाणीच्या तोंडातून धुळीचा काळा लोट तोफेसारखा बाहेर आला आणि सगळ्यांचे चेहरे काळे करून गेला. एक क्षण हात थांबले. एकोणतीस जणांनी मागे वळून पाहिलं. पण भिण्याची सोय नव्हती, त्यामुळे ते पुन्हा मारायला लागले.

दिवस मावळताना गिलासाचा अंमल उतरला. भीती परत आली ती सगळ्यांना एकदम. पैलवान फाटक्या कानावर हात ठेवून आई आई म्हणून रडायला लागला. कुलथ्यांनी आपला हात पहिल्यांदाच पाहिला आणि त्यांची शुद्ध हरपली. डोमाच्या हातातून टेकू पडला. त्यानं खाणीकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि त्याची चड्डी ओली झाली.

चौथ्या दिवशी शालिकचा जबडा तारांनी बांधून झाला तेव्हा डोमा दवाखान्यात आला. बिछान्याच्या कडेला बसून त्यानं खिशातून घराची किल्ली काढली आणि उशीजवळ ठेवली.

"खिळ्यावर दोनच राहिल्ते," तो म्हणाला. "हे, अन् सतरा नंबर."

शालिकनं किल्ली मुठीत घेतली.

"बाबद्दल म्हनलं ते खरं होतं का? का आमाले वर आनायले म्हनलं?"

विचारायची डोमाला आता पुन्हा भीती वाटत होती.

"खरं होतं," तो तारांमधून म्हणाला.

डोमा उठला नाही. त्यानं हातही उचलला नाही. मग म्हणाला, "लटारूकाकाले काय म्हनलं होतं?"

"काही नाही. सुचलं नाही."

"एखादी खोटी हानायची होती ना बे, भाऊ."

शालिकनं डोळे मिटले. चोर म्हणायचं होतं. लटारू वाढई, तू चोर हाय, एवढंच. राग नसता आला त्याला. पण 'काय चोरलं रे म्या?' हे विचारायला तरी तो मागं मागं वर आलाच असता.